दिलीला गेलेली अक्का

भावजींचा फोन आला तेव्हा मी हुबळीच्या कमरीपेठेत मिक्सरच्या भांड्याचं पातं बदलून घेत होते. रोजच्यासारखी धारवाडहून निघून अक्काकडेच चालले होते, वाटेत हे एक काम उरकावं म्हणून उतरले होते. भावजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान मोहनराव, फोनवर कधी लांबण लावत नाहीत. त्या सकाळी मात्र त्यांनी आधी विचारलं, "कुठं आहेस?" मग विचारलं, "रिक्षा मिळेल का तिथं?" आणि थोडं थांबून म्हणाले, "सावकाश ये. आता घाई करण्यासारखं काही राहिलं नाही." दुकानदार कन्नडमध्ये मला भांड्याचं झाकण कसं लावायचं ते दाखवत होता. मी मान हलवत राहिले. त्याचं सगळं सांगून होईपर्यंत मी तिथंच उभी होते, कारण तिथून हललं की ते खरं होणार होतं.

त्याला आता महिना उलटून गेला. अक्काचं नाव सुमित्रा. हुबळीच्या कॉलेजात तिनं आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, त्यामुळे बाजारात तिला हाक यायची ती 'मॅडम' अशी. मी मात्र तिला जन्मभर अक्काच म्हणत आले. आमच्याकडे मराठी घरांतही थोरली बहीण अक्का आणि वडील अप्पा, हे कन्नड शब्द कधी आमचे झाले ते कुणाला आठवत नाही.

आम्ही धारवाडजवळच्या अळणावरच्या बाजूच्या. अप्पा लाकडाच्या डेपोत ओंडके चढवा-उतरवायचं काम करायचे, आई लोकांच्या भातशेतात जायची. आमच्या त्या भागातल्या मराठीची एक गंमत आहे. बायकाही 'मी आलो', 'मी जातो' असंच बोलतात. इथे लिहिताना मी 'आले', 'गेले' लिहिते आहे, पण दोघीच असलो की अक्कापुढे माझ्या तोंडून 'गेलो'च यायचं. ती स्वतः मात्र हे बोलणं कधीच सोडून बसली होती. चौथीनंतर तिला धारवाडला मावशीकडे ठेवलं आणि कन्नड शाळेत घातलं. पहिलं वर्षभर ती वर्गात तोंड उघडून एक अक्षर बोलली नाही. तिला काही येत नाही असंच मास्तरांना वाटायचं. ती सांगायची, "मला सगळं कळत होतं गं. फक्त पहिलं वाक्य कुठून सुरू करायचं ते कळत नव्हतं." पुढे ती कन्नडमध्ये पहिली आली, इंग्रजीत एम. ए. झाली, कॉलेजातल्या शहरी मुली हसल्या म्हणून 'मी आलो' टाकून 'मी आले' म्हणायला शिकली. हुबळीच्या दाजीबानपेठेतल्या कापडवाल्या घरात तिचं लग्न झालं. भावजी दुकानात गिऱ्हाइकांशी कन्नड बोलायचे, घरी शुद्ध मराठी, आणि इंग्रजीचं नाव काढलं की म्हणायचे, "ते खातं बायकोकडे."

निवृत्त झाल्यावर ती धारवाडच्या सरकारी प्रशिक्षण केंद्रात अधिकाऱ्यांना इंग्रजीतून बैठकीत कसं बोलावं ते शिकवायला जायची. तिथं परदेशाहून आलेल्या एका पाहुण्यांनी तिचा वर्ग पाहिला आणि काही महिन्यांनी तिला बोलावणं आलं. जायचं होतं पूर्व तिमोरला. आग्नेय आशियातला छोटासा देश, राजधानीचं नाव दिली. त्या नावानं आमच्याकडे किती गोंधळ घातला ते आठवलं की अजून हसू येतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "दिल्लीला थंडी फार, स्वेटर ने." अक्का म्हणाली, "दिल्ली नव्हे, दिली. समुद्राकाठी आहे." काकूंनी स्वेटर दिलाच.

मी तिला तेव्हा विचारलं होतं की तिथं तुझं काय काम. तिनं मला पोळ्या लाटता लाटता समजावलं. त्या भागातल्या देशांचा मिळून एक संघ आहे. या देशाला त्यात यायचं होतं, अर्ज करून कितीतरी वर्षं झाली होती. पण संघात येणं म्हणजे नुसती सही करणं नव्हे. जकातीचे नियम बाकीच्यांसारखे हवेत, मासळी तपासायची प्रयोगशाळा हवी, कायदे बदलायला हवेत, आकडेवारी नीट ठेवायला हवी. हे सगळं एकट्यानं झेपण्यासारखं नाही म्हणून निरनिराळ्या आंतरराष्ट्रीय संस्था हात देत होत्या. कुणी प्रयोगशाळा उभारून देत होतं, कुणी कायद्यांचे मसुदे करायला वकील पाठवत होतं, कुणी बंदरावर संगणक बसवत होतं. "आणि माझ्या वाट्याला तोंड आलंय," ती म्हणाली. संघाचं सगळं कामकाज इंग्रजीत चालतं, वर्षभर बैठका चालूच असतात, आणि या देशातली जुनी माणसं पोर्तुगीज शिकलेली, मधली पिढी इंडोनेशियाची भाषा शिकलेली, घरात त्यांची स्वतःची तेतुम. इंग्रजीत उभं राहून आपल्या देशाचं म्हणणं मांडतील अशी माणसं फार थोडी. ती तयार करायची होती.

भावजींना सोडून इतक्या लांब जाणं तिला जड वाटत होतं. तेच म्हणाले, "जा. मला भात येतो, आमटी शिकतो." आणि खरंच शिकले. दर रविवारी फोनवर तिला आमटीचा हिशेब द्यायचे आणि ती तिकडून मीठ कमी-जास्त करायची.

तिनं तीन खेपा केल्या, प्रत्येक वेळी बरेच महिने. तिच्या वर्गाची तऱ्हा तिनं मला इतक्यांदा सांगितली की मला तो पाहिल्यासारखाच वाटतो. लांब टेबलाभोवती सगळ्यांना बसवायचं, प्रत्येकाच्या पुढे संघातल्या एकेका देशाची पाटी, एकाच्या पुढे त्यांच्या स्वतःच्या देशाची, आणि खोटी बैठक चालवायची. स्वतःच्या देशाची पाटी ज्याच्यापुढे येईल त्यानं कशाला तरी विरोध करायचाच, हा नियम. सुरुवातीला कुणाच्या तोंडून 'नाही' निघायचं नाही. माणसं नम्र, पाहुण्याला नाही म्हणणं त्यांच्यात बसत नाही. ती त्यांना म्हणायची, "सगळ्याला हो म्हणणाऱ्याला बैठकीत कुणी विचारत नाही. आणि हो म्हणून आलात तर घरी जाऊन ते करावं लागतं." मग त्यांना आपली कन्नड शाळा सांगायची. एक पोरगी वर्षभर गप्प बसली होती ती कशी बोलती झाली, ते ऐकून त्यांना धीर यायचा म्हणे.

त्या वर्गात ज्युलिएता होती. एका छोट्या बंदरावर मासळीची तपासणी करणारी अधिकारी, चाळिशीची, दोन मुलांची आई. इंग्रजी फार हळू यायचं तिला. तिच्यासारखे जिल्ह्यांतून आलेले आणखी काही जण होते. वर्ष अर्धं झाल्यावर हे वर्ग चालवणाऱ्या प्रकल्पाच्या प्रमुखानं ठरवलं की या लोकांना परत पाठवावं आणि राजधानीतल्या तरुण, चटपटीत अधिकाऱ्यांवरच जोर द्यावा. तोही वाईट माणूस नव्हता. त्याच्यावरच्या लोकांना त्याला तयार झालेली माणसं दाखवायची होती. अक्का त्याच्या खोलीत गेली. ती म्हणाली, "राजधानीतला मुलगा बैठकीत जे कबूल करून येईल ते बंदरावर पार पाडायचं आहे ज्युलिएताला. मासळीची पेटी ती उघडते. मग त्या टेबलाशी तिनं बसायला नको?"

प्रमुखानं बराच विचार केला आणि मधला मार्ग काढला. वर्ग राजधानीच्या मंडळींसाठीच राहील, पण मॅडमना हवं तर बाकीच्यांना सुट्टीच्या दिवशी शिकवावं. अक्कानं ते लगेच पत्करलं. तिच्या भाड्याच्या घराला पुढे रुंद व्हरांडा होता, दर शनिवारी ती सगळी तिथं जमायची. ती त्यांना पोहे करून घालायची, ते भाजलेली मासळी आणायचे. अक्का मासे खात नव्हती, पण ज्युलिएताच्या आग्रहापुढे तिचं काही चाललं नाही. फोनवर मला म्हणाली, "तुझ्या भावजींना सांगू नकोस." मी सांगितलं. भावजी म्हणाले, "मग आता हुबळीत कुठं चांगली मिळते ते बघायला हवं."

तिला दुःखही कमी मिळालं नाही तिथं. राजधानीच्या वर्गातले तिचे दोन हुशार विद्यार्थी, ज्यांच्यावर तिची आणि प्रमुखाचीही सगळी मदार होती, इंग्रजी सफाईनं यायला लागल्यावर नोकरी सोडून परदेशात कारखान्यात कामाला गेले. तिथं मिळकत जास्त. एकानं निरोप घ्यायला येऊन तिच्या पायांना हात लावला, कारण तिनंच कधीतरी आपल्याकडची पद्धत सांगितली होती. त्या दिवशी तिचा फोन आला. म्हणाली, "मी बोलायला शिकवलं, आणि पोरं निघून गेली... जाऊ देत. पोट असतं प्रत्येकाला." आमच्या कॉलनीतल्या निम्म्या घरांतली मुलं तशीच गेलेली. खुद्द तिची लेक अनघा बेंगळुरूला. अक्कानं दुसऱ्या दिवशी वर्ग घेतला, आणि रिकाम्या झालेल्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर ज्युलिएताला बसवलं. प्रमुखानं या वेळी हरकत घेतली नाही.

तिसरी खेप संपवून ती कायमची परत आली ती खुशीत होती. रविवारी संध्याकाळी माडीवरच्या खोलीत बसून ती जुन्या विद्यार्थ्यांशी संगणकावरून बोलायची. आता त्यांच्या खऱ्या बैठका सुरू झाल्या होत्या, संघाची तपासणी पथकं येत-जात होती, आणि त्यांना तिचा सल्ला लागायचा. अशाच एका रविवारी बोलता बोलता तिचे शब्द घसरायला लागले. भावजी खाली होते. अडीअडचणीला म्हणून अक्कानं विद्यार्थ्यांना त्यांचा नंबर देऊन ठेवला होता. त्या मोबाइलवर एक अनोळखी, लांबच लांब नंबर आला. पलीकडून एक बाई इंग्रजीत सावकाश, एकेक शब्द तोडून बोलत होती, "सर, मी ज्युलिएता. टीचर बरोबर बोलत नाहीत. वर जा." भावजी जिना चढून गेले तेव्हा अक्का खुर्चीत एका बाजूला कलली होती आणि पडद्यावरची सगळी माणसं उभी राहिली होती. वेळेवर दवाखान्यात पोचली म्हणून ती वाचली, असं डॉक्टर म्हणाले. समुद्रापलीकडच्या एका बाईला ते आधी कळलं होतं.

वाचली, पण बोलणं गेलं. उजवा हात हळूहळू थोडा हलायला लागला, भाषा मात्र परत येईना. बोलायला शिकवणारी एक मुलगी रोज घरी यायची, गोड मुलगी, चित्रं दाखवून कन्नडमध्ये विचारायची, "अक्का, इदेनु?" हे काय? अक्का चित्राकडे बघायची, ओठ हलवायची, आणि डोळ्यांतून पाणी यायचं. मग ती मुलगी इंग्रजीत विचारायची. जिनं शेकडो मुलांना इंग्रजी शिकवलं तिला साधा 'कप' म्हणता येईना. एकदा तिनं डाव्या हातानं ती चित्रं भिरकावून दिली. आयुष्यात कधी कुणावर न रागावलेली बाई. मुलगी गोळा करायला वाकली तर अक्का स्वतःच्या कपाळावर हात मारून घ्यायला लागली. भावजींनी तो हात धरून ठेवला.

पहिला शब्द आला तो माझ्यापुढे. मी संध्याकाळी धारवाडला परत निघाले होते, सवयीनं म्हटलं, "अक्का, मी जातो." ती माझ्याकडे वळली आणि अगदी स्पष्ट म्हणाली, "मी बी येतो."

मी पिशवी खाली ठेवली. भावजी स्वयंपाकघरातून पळत आले. त्यांना वाटलं ती चुकून पुरुषासारखं बोलली, आजारात गोंधळ झाला. मी त्यांना सांगितलं, तसं नाही, आम्ही दोघी लहानपणी असंच बोलायचो. पन्नास वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोचं हे बोलणं कधी ऐकलं नव्हतं. डॉक्टरांनी नंतर समजावलं की कधी कधी असं होतं, नंतर शिकलेल्या भाषा वाहून जातात आणि सगळ्यात आधीची थोडी तळाशी राहते. तेव्हापासून माझं रोज जाणं ठरून गेलं. आम्ही दोघी आईची, भाताच्या खाचरांची, डेपोतल्या ओल्या लाकडाच्या वासाची थोडीथोडी वाक्यं जुळवत बसायचो. एखादा शब्द तिला माझ्या आधी आठवायचा. भावजी शेजारी बसून ऐकायचे, आणि एखादा शब्द नाही कळला की मला हळूच विचारायचे, "काय म्हणाली?" आपल्याच बायकोचं बोलणं त्यांना मेहुणीकडून समजून घ्यावं लागत होतं. त्यांनी त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही. निदान तसं दाखवलं नाही.

तो देश संघात आला त्या दिवशी भावजींनी मोबाइल तिच्यापुढे धरला. झेंडा चढत होता, माणसं डोळे पुसत होती. अक्का निरखून प्रत्येक चेहरा बघत होती, तिचं कुणी त्या गर्दीत दिसलं नाही. सगळं संपल्यावर मी विचारलं, "अक्का, झालं गं तुझं काम. बरं वाटलं?" ती म्हणाली, "झालं." पुढे काहीतरी सांगायचं होतं तिला, खूप धडपडली. शेवटी पुन्हा तेवढंच आलं, "झालं."

त्यानंतर काही महिन्यांनी ज्युलिएता आली. बेंगळुरूला कुठल्याशा प्रशिक्षणाला आली होती, ते संपल्यावर गाडीत बसून थेट हुबळीला. बुटकी, गोल चेहऱ्याची, आपल्याकडच्या कुठल्याही बाजारात सहज मिसळून जाईल अशी बाई. तिला सगळं आधीच कळवलं होतं, तरी पहिल्यांदा अक्काला खुर्चीत पाहिल्यावर तिचा चेहरा बदलला. मग तिनं वेताचा मोडा ओढला, अक्काच्या गुडघ्याशी बसली आणि सांगायला लागली. मी ते अक्काला मराठीत सांगत गेले. माझं इंग्रजी बँकेतल्या नोकरीपुरतं, पण ती इतकं सावकाश बोलत होती की अडलं नाही.

तिनं सांगितलं की संघात आल्यावरच्या पहिल्याच बैठकीत मासळीच्या तपासणीचा एक नवा नियम होता. सगळ्या देशांनी एकाच तारखेपासून तो लागू करावा असं ठरत आलं होतं. तिच्या बंदरावर त्यासाठी लागणारं शीतगृहच नव्हतं. बाकी सगळे होकार देत होते आणि तिचा साहेब तिच्या शेजारी बसून खाली बघत होता. "मग मी हात वर केला," ज्युलिएता म्हणाली. "मी म्हटलं, आमचा देश अजून तयार नाही. आम्हाला वेळ हवा. माझा आवाज फार थरथरत होता, टीचर. पण ऐकलं त्यांनी. वेळ दिला."

मी हे अक्काला आमच्या भाषेत सांगितलं. तिला किती कळलं कुणास ठाऊक. ती ज्युलिएताकडे एकटक बघत राहिली, तिच्या केसांवरून डावा हात फिरवला, आणि म्हणाली, "जेवलीस न्हवं?"

ज्युलिएतानं माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, ती विचारते आहे की तू जेवलीस का. तेव्हा मात्र ती बाई अक्काच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. भावजी आत गेले. बऱ्याच वेळानं बाहेर आले ते ताट वाढूनच. त्यांनी केलेली आमटी ज्युलिएतानं दोनदा घेतली, आणि तिचं जेवण संपेपर्यंत अक्का तिच्या ताटावरून नजर काढत नव्हती.

ती गेल्यावर अक्का आणखी थोडं बोलेल अशी आम्हाला आशा वाटत होती. तसं झालं नाही. शब्द कमी कमी होत गेले, झोप वाढली. मग झोपेतच तिला मेंदूचा दुसरा झटका आला आणि त्यातून ती उठली नाही. त्या दिवशी मी पोचले तेव्हा गोकुळ रोडवरच्या वर्कशॉपांचा रोजचा ठोकाठोकीचा आवाज मागच्या त्यांच्या कॉलनीपर्यंत येत होता. भावजी तिच्या उशाशी बसले होते. मला बघून म्हणाले, "तिच्याशी बोल काहीतरी. तुझं ऐकेल." मी बोलले. काय बोलले ते इथे लिहीत नाही.

तेराव्यानंतर माझं हुबळीला रोज जाणं थांबलं. भावजींकडे आठवड्यातून एकदा जाते, अनघा येऊन-जाऊन असते, त्यांचं बरं चाललं आहे. घरी आल्यावर मला मात्र एक गोष्ट जाणवायला लागली, जी अक्का असताना कधी मनात आली नव्हती. आई नाही, अप्पा नाहीत, माझी मुलं पुण्याची मराठी बोलतात, शेजारी कन्नड. ज्या बोलण्यात आम्ही दोघी लहानाच्या मोठ्या झालो ते बोलायला आता माझ्याजवळ कुणीच नाही. एखादा शब्द तोंडावर येतो आणि तो कुणाला सांगावा ते सुचत नाही.

मागच्या आठवड्यात मी गाडीत बसून अळणावरला गेले. बाजाराचा दिवस होता. मला काही घ्यायचं नव्हतं. भाजीवाल्या बायका पोत्यांवर बसून एकमेकींशी मोठ्यानं बोलत होत्या, 'मी सांगितलो', 'मी बघतो', आणि मी त्या ओळीतून उगीच पुढे-मागे करत राहिले. एका म्हातारीनं हाक मारली, मग तिच्यासमोर बसले. वांग्यांचा भाव विचारताना माझ्या तोंडून आपोआप जुनं बोलणं आलं, तशी तिनं मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं. वांगी तोलून झाल्यावर दोन वरून टाकली.

"कुठनं आलासा?" तिनं विचारलं.

"इथलीच मी," मी म्हटलं.

"एकटीच आलासा?"

"व्हय," मी म्हटलं. "एकटीच आलो."